जुनी मोटार, आपले हात – लेखांक ७ : काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

मागच्या आठवड्यात आपण वायरिंगचे रंग ओळखायला शिकलो. त्याचा पहिला खरा उपयोग आज पेट्रोलच्या काट्यासाठी करायचा आहे. जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट बसलेली असते. हा काटा कधीच खरा नसतो, त्याच्याकडे बघायचं नाही, अंतर मोजून पेट्रोल भरायचं. मला हे अजिबात मान्य नाही. काटा चुकतो तेव्हा ठरावीक पद्धतीनंच चुकतो. तो कुठल्या बाजूला चुकतोय हे नीट पाहिलं, तर निम्मा शोध गाडीखाली न शिरताच लागतो.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. शिवाय तिच्या डॅशबोर्डवरची स्मिथ्स कंपनीची मीटरं त्या काळच्या ट्रायम्फ, मिनी, जॅग्वार अशा कितीतरी ब्रिटिश गाड्यांत थोड्याफार फरकानं सापडतात. एमजीबीचा काटा समजला की या सगळ्यांचा समजतो.

पण एमजीबीतही काटे दोन जातींचे आहेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. अगदी सुरुवातीच्या, १९६४च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांत चुंबकी काटा होता. दोन कॉइल काट्याला आपापल्या बाजूला ओढतात आणि काटा मधे कुठेतरी स्थिरावतो. बॅटरीचा दाब वरखाली झाला तरी दोन्ही कॉइलवर सारखाच परिणाम होतो, म्हणून काटा हलत नाही. मात्र वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं की हाही लगेच डोलायला लागतो. नंतरच्या गाड्यांत आला तो उष्णतेवर चालणारा काटा. त्यात शाळेत शिकलेली द्विधातू पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून काटा सावकाश चढतो आणि पेट्रोल हिंदकळलं तरी फारसा विचलित होत नाही.

तुमच्याकडे कुठला आहे हे ओळखणं सोपं आहे. इग्निशन चालू केल्यावर काटा उडी मारून जागेवर गेला तर तो चुंबकी, आरामात सरकत गेला तर उष्णतेचा. ही ओळख पटल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोघांची भाषा उलटी आहे. टाकीतली पातळी मीटरला कळवणाऱ्या सेंडरची वायर तुटली तर उष्णतेचा काटा ‘रिकामी’ दाखवतो, चुंबकी काटा ‘भरलेली’ दाखवतो. वायर बॉडीला टेकली तर याच्या उलट. साठ वर्षांत गाडीचे किती मालक बदलले आणि कुणी कुठल्या वर्षाचं मीटर कुठल्या वर्षाच्या सेंडरला जोडलं, याचा भरवसा नसतो. पेट्रोल भरताना काटा खाली येत असेल तर आधी हाच संशय घ्यावा.

इथून पुढे मी उष्णतेच्या काट्याबद्दल बोलतो, कारण बहुतेक गाड्यांत तोच आहे. या काट्याला बॅटरीचा दाब थेट दिलेला नसतो. इंजिन बंद असताना बॅटरी बारा-साडेबारा व्होल्ट देते आणि इंजिन चालू झालं की हा दाब चौदाच्या आसपास जातो. तसाच जोडला तर काटा इंजिनाबरोबर वरखाली होईल. म्हणून मधे व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवलेला असतो, डॅशबोर्डमागे, काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी. हिरवी वायर त्यात जाते, फिकट हिरवी-हिरव्या पट्ट्याची वायर बाहेर पडून मीटरकडे जाते. आत पुन्हा द्विधातू पट्टीच आहे. विजेच्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट जसा सारखा चालू-बंद होत राहतो, तशीच ही पट्टी तापून संपर्क तोडते, थंड होऊन जोडते, आणि या उघडझापीची सरासरी दहा व्होल्ट पडते.

या डबीला स्वतःचं अर्थिंग लागतं, आणि ते तिला मिळतं ज्या स्क्रूनं ती बसवली आहे त्याच्यातून. डॅशबोर्ड रंगवताना तिथे रंगाचा थर आला किंवा स्क्रू सैल झाला, की आतली पट्टी तापतच नाही. संपर्क कायम जोडलेला राहतो आणि बॅटरीचा पूर्ण दाब काट्याला मिळतो. मग अर्धी टाकी पाऊण दिसते. रस्त्यात दगा देणारी चूक हीच. म्हणून पहिली परीक्षा अशी : नुसतं इग्निशन चालू ठेवून काटा कुठे स्थिरावतो ते पाहा, मग इंजिन सुरू करून थोडं रेस करा. काटा वर सरकला तर टाकीला हात लावू नका, स्टॅबिलायझरकडे जा. डबी उभी बसली पाहिजे. तिच्यावर वरची बाजू दाखवणारी खूण असते, आणि आडवी लावली की पट्टीतली उष्णता वेगळी पसरून सरासरी बिघडते.

डिजिटल मल्टिमीटर इथे गोंधळात टाकतो. दाब सारखा येत-जात असल्यामुळे आकडे कधी बारा, कधी शून्य असे नाचतात आणि माणूस चांगली डबी फेकून देतो. जुना काट्याचा मीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लुकलुकला तर डबी जिवंत आहे. मेलेली असेल तर आतला जुना भाग काढून तिथे ७८१० हा दहा व्होल्टचा रेग्युलेटर बसवता येतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. बाहेरून डबी मूळचीच दिसते. फक्त एक पथ्य आहे. १९६७च्या बदलाआधीच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. त्या गाडीत ७८१० चालणार नाही, ७९१० लागेल.

आता टाकीकडे. मीटरपासून हिरवी-काळ्या पट्ट्याची वायर मागे जाते आणि सेंडरला मिळते. सेंडर म्हणजे दांडीच्या टोकाला तरंगता फ्लोट, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला रोधाच्या तारेवरून घासत जाणारा संपर्क. टाकी रिकामी असताना रोध साधारण २५० ओम असतो, भरलेली असताना तीसच्या आसपास. रोध वाढला की काटा खाली येतो. वायरच्या जोडावर गंज चढला किंवा सेंडरच्या काळ्या अर्थिंग वायरचं टोक हिरवं पडलं, तर तोही रोधच. म्हणून काटा सगळीकडेच थोडा कमी दाखवत असेल, पूर्ण भरूनही शेवटच्या खुणेला पोचत नसेल, तर बारा आणे दोष जोडांत असतो. पॉलिश पेपरनं टोकं घासा, नवे बुलेट कनेक्टर लावा. मीटर बदलण्याआधी करायचं काम ते हेच, आणि बहुतेकांचा खर्च इथेच वाचतो.

मीटर खरं आहे का, हे सेंडर न काढता ठरवता येतं. हिरवी-काळी वायर सेंडरपासून सोडवा आणि तिच्या व बॉडीच्या मधे एक-दोन वॅटचे रेझिस्टर लावून पाहा. २५० ओमला काटा ‘रिकामी’ आणि तीसला ‘भरलेली’ यांच्याजवळ आला तर मीटर, वायर, स्टॅबिलायझर तिन्ही निर्दोष. उरला तो सेंडर.

तो बाहेर काढण्याआधी सावध व्हा. एमजीबीत सेंडर टाकीच्या बाजूला आहे, वरच्या तोंडाला नाही. पेट्रोल काढून न टाकता सेंडर धरून ठेवणारी लॉकिंग रिंग फिरवली तर ते अंगावर येईल. काम मोकळ्या जागी करा, बॅटरी सोडा, बल्बचा हातदिवा आणू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. रिंगवर हातोडी मारायची तर पितळी किंवा लाकडी पट्टीवरून.

सेंडर हातात आला की फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर फ्लोटला भोक पडलंय आणि तो बुडतोय. शंका असेल तर गरम पाण्यात धरा, बुडबुडे येतील. अशा फ्लोटला डाक देण्याचा मोह टाळा. आतली वाफ पेट घेते. नवा घ्या. मग ओममीटर लावून दांडी अगदी हळू फिरवा. वाचन सलग बदललं पाहिजे. एखाद्या जागी ते तुटलं तर तिथली तार झिजली आहे, आणि रस्त्यावर काटा नेमका त्याच पातळीला पडत असणार. परत बसवताना रबरी वायसर नवाच घाला. ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे ते वीसवर गेलं आहे, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

बाजारातल्या नव्या नकली सेंडरांबद्दल माझं मत चांगलं नाही. दोन टोकांना ते बरोबर असतात, मधे मात्र मूळ सेंडरच्या चालीनं जात नाहीत. मूळ सेंडर साफ करून चालत असेल तर तोच ठेवा. नवाच लावावा लागला तर गाडीत घालण्याआधी दांडी हातानं फिरवून काटा कुठे जातो ते डॅशबोर्डवर पाहा. मीटरच्या पाठीला बुचानं झाकलेली दोन बारीक छिद्रं असतात. एकातून रिकाम्याची आणि दुसऱ्यातून भरलेल्याची बाजू जुळवता येते. एक हलवली की दुसरी थोडी सरकते, म्हणून आळीपाळीनं आणि केसभर फिरवायचं. फ्लोटची दांडी वाकवणं हा अगदी शेवटचा उपाय.

एवढं झाल्यावर सपाट जागी, रिकाम्या टाकीत कॅननं पाच-पाच लिटर ओतत जा. दर वेळी इग्निशन चालू करून काटा पूर्ण स्थिरावू द्या आणि खूण लिहून ठेवा. १९६५नंतरच्या बहुतेक एमजीबीत बारा ब्रिटिश गॅलन, म्हणजे सुमारे ५४ लिटर मावतात, आधीच्या गाड्यांत दहा गॅलन. टाकी पसरट आणि फ्लोट गोलाईत फिरणारा, त्यामुळे अर्ध्या खुणेला अर्धी टाकी असेलच असं नाही. हा तक्ता ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. सेंडर बदललात तर तो नव्यानं करावा लागेल.

तोवर पंपाकडे कान ठेवा. एमजीबीचा एसयू विद्युत पंप पेट्रोल मिळेनासं झालं की घाईघाईनं टकटकायला लागतो. त्या पंपाचे पॉइंट कसे साफ करायचे आणि कसे जुळवायचे, ते पुढच्या आठवड्यात.