तीन नट आहेत की!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटार घेताना आपण इंजिन पाहतो, ॲव्हरेज विचारतो, रंगावरून घरात चार दिवस चर्चा करतो. पण ही सगळी मोटार ज्या चाकांवर धावते, त्यातले प्रत्येक चाक करंगळीएवढ्या जाडीच्या चार किंवा पाच पोलादी दांड्यांनी धरलेले असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. या दांड्यांना गॅरेजच्या भाषेत स्टड म्हणतात. तो हबमध्ये मागच्या बाजूने घट्ट ठोकून बसवलेला असतो आणि त्याच्या पुढे आलेल्या आट्यांवर आपण चाकाचा नट आवळतो. फोक्सवॅगन, स्कोडा अशा युरोपीय बनावटीच्या गाड्यांत स्टड नसतात, तिथे बोल्ट थेट हबमध्ये जातात. आपल्याकडच्या बाकी बहुतेक मोटारींत मात्र स्टडच असतात. लहान गाडीला चाकामागे चार, बोलेरो किंवा इनोव्हासारख्या गाडीला पाच.

माझा व्यवसाय गॅरेजचा. स्टड तुटला आहे असे सांगितले की गिऱ्हाइकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते, "अहो, तीन नट आहेत की! पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." हे उत्तर धोक्याचे का आहे, ते आधी समजून घेऊ.

भिंतीच्या खुंटीवर टोपी अडकवावी तसे चाक स्टडवर अडकवलेले असते, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीचा एक स्टड नीट आवळल्यावर अंदाजे चार टनांचा दाब देतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण होते, तेच गाडीचे वजन, वळणाचा रेटा आणि ब्रेकचा हिसका पेलते. चारांतला एक स्टड गेला की पाव दाब कमी होतो, आणि राहिलेला भार शेजारच्या स्टडवर पडतो. चाक किंचित जरी हलू लागले, तरी प्रत्येक फेऱ्यात हे स्टड वाकतात आणि सरळ होतात. लहान मोटारीचे चाक किलोमीटरमागे साधारण साडेपाचशे फेरे घेते. म्हणजे पुण्याहून मुंबईला जाईपर्यंत ऐंशी हजारांच्या आसपास! तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच मग दुसरा स्टड तुटतो. त्यानंतर तिसऱ्याला फार वेळ लागत नाही. घाटात सुटलेले चाक फक्त मालकाचे नुकसान करून थांबत नाही. समोरून दुचाकीवर येणाऱ्याचा त्यात काय दोष?

स्टड तुटतो कशाने? बहुतेक वेळा जास्तीच्या प्रेमाने. लहान मोटारींचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर जोराने आवळायचे असतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३३ किलोचा जोर. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की हा जोर दुपटीहून अधिक होतो. पान्याला पाइप लावला, किंवा टायरच्या दुकानात हवेची गन बेफाम चालवली, तरी तेच. स्टड लवचिकतेची मर्यादा ओलांडून कायमचा लांबतो आणि पुढच्या वेळी नट काढताना हातात येतो. दुसरे कारण तिरपा चढवलेला नट. आटे जुळले नसताना पाना मारला की आटे जातात. तिसरे कारण आट्यांना लावलेले तेल. तेलाने घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोरात स्टड अधिक ताणला जातो. आटे स्वच्छ आणि कोरडे असावेत.

आता बदलण्याची रीत. सपाट जागा, हँडब्रेक आणि दुसऱ्या चाकांना दगड, हे आधी. नट जमिनीवरच सैल करून मग जॅक लावायचा, आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. चाक काढल्यावर पुढे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर सोडवून तारेने वर टांगावा. ब्रेकच्या रबरी नळीवर तो लोंबकळता कामा नये. डिस्क काढली की हब दिसतो. मागे ड्रम असेल तर हँडब्रेक सोडून ड्रम काढावा लागतो. म्हणून त्या वेळी पुढच्या चाकांचे दगड पक्के हवेत.

हब फिरवून तुटलेला स्टड मागे मोकळी जागा असेल तिथे आणायचा आणि पुढून ठोकून मागे काढायचा. जोरजोरात घणाचे घाव घातले तर बेअरिंग खराब होते, त्यामुळे दाबून काढायचे हत्यार असेल तर उत्तम. काही गाड्यांत मागे जागाच नसते. तिथे हब उतरवून प्रेसवर न्यावा लागतो.

नव्या स्टडच्या डोक्याजवळ उभे बारीक दाते असतात. ते हबच्या भोकातल्या खुणांशी जुळवून स्टड मागून घालायचा. पुढून त्यावर ग्रीस लावलेल्या वॉशरची चळत चढवून, एक जुना नट सपाट बाजू आत करून आवळत जायचे. स्टड हळूहळू आत ओढला जातो. त्याचे डोके मागे हबला सगळीकडून टेकले, हे डोळ्यांनी पाहून मगच थांबायचे. ते अर्धवट राहिले तर रस्त्यावर ते आत सरकते आणि नट सैल पडतो. या कामाचा नट पुन्हा चाकाला वापरायचा नाही. स्टडच्या आट्यांना लागलेले ग्रीस पुसून काढायचे.

मग डिस्क, कॅलिपर आणि चाक. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सगळे नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. गाडी खाली घेऊन शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासावा. कॅलिपर सोडवला असेल तर निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दोन-चार वेळा दाबून ते घट्ट झाल्याची खात्री करावी.

पैसे वाचवण्यासाठी लेथवर करून घेतलेला स्टड घेऊ नये. कारखान्यातल्या स्टडचे पोलाद तापवून कणखर केलेले असते आणि आटे कापून नव्हे, तर दाबून उठवलेले असतात, म्हणून ते लवकर थकत नाहीत. एकाच चाकाचे दोन स्टड तुटले असतील, किंवा तुटक्या स्टडवर गाडी बरीच धावली असेल, तर त्या चाकाचे सगळेच बदलावेत. उरलेले वरून धड दिसतात, पण त्यांनी किती सोसले ते दिसत नाही.

हे काम प्रत्येकाने घरी करावे, असा माझा आग्रह नाही. ब्रेकला हात लागतो, तेव्हा जाणकाराकडे जाणेच बरे. पण टायरच्या दुकानात दोन मिनिटे उभे राहून, "नट आधी हाताने लावा, शेवटी टॉर्क पाना लावा," एवढे सांगणे कोणालाही जमेल. आणि मेकॅनिक म्हणाला की एक स्टड तुटलाय, तर गाडी त्या दिवशी तिथेच ठेवून रिक्षाने घरी जावे.