स्थान सांगण्याची परवानगी : केव्हा आणि किती?

1808 मध्ये विल्यम लॅम्बटन यांचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण तंजावरला पोहोचले. बृहदीश्वराच्या उंच विमानावर सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट चढवताना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळले. एखादे ठिकाण नेमके कोठे आहे हे ठरवण्यासाठी तेव्हा एवढा खटाटोप होता. आज त्याच प्रांगणातील यात्रेकरूच्या खिशातला मोबाइल हे काम काही क्षणांत, प्रसंगी मालकाच्या नकळतही, करू शकतो. ॲपने आधी परवानगी मागणे म्हणूनच आवश्यक ठरते.

परवानगीचेही प्रकार आहेत. अँड्रॉइड 11 पासून (2020) 'फक्त या वेळी' आणि अँड्रॉइड 12 पासून (2021) 'अंदाजे' किंवा 'अचूक' स्थान असे पर्याय मिळाले. 'अंदाजे' म्हणजे साधारण 3 चौरस किलोमीटरचा परिसर. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतकऱ्यास पावसाचा अंदाज कळवण्यास तो पुरेसा आहे. मंदिराच्या दर्शनवेळा सांगण्यास तर स्थानाची मुळीच गरज नाही. डिजिटल पीक सर्वेक्षणाचे मात्र वेगळे. तेथे छायाचित्र त्याच शेतात काढल्याची खात्री हवी. अंदाजे स्थानावर भिस्त ठेवल्यास एकाचे पीक दुसऱ्याच्या शेतात नोंदले जाईल आणि नुकसानभरपाईच्या वेळी शेतकरी अडचणीत येईल. अर्थात हे अचूक स्थानही छायाचित्राच्या क्षणापुरतेच. सर्वेक्षक संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी गेला, हे कोणी जाणून घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील ई-पीक पाहणीलाही हाच न्याय लागू पडतो.

पुष्कळशी ॲप उघडताक्षणीच परवानगी मागतात. कारण न कळल्याने माणूस नकार देतो. अँड्रॉइड 11 पासून दोनदा नकार दिल्यास तो प्रश्न पुन्हा समोर येत नाही. नंतर परवानगी द्यायची तर सेटिंग्जमध्ये शिरावे लागते आणि नवख्याला ती वाट सहसा सापडत नाही. तेव्हा 'छायाचित्र काढा' हे बटण दाबल्यावरच, कारण एका वाक्यात सांगून, विचारणे श्रेयस्कर. हवामानाच्या ॲपमध्ये नकार आला तरी तालुका निवडून पुढे जाता आले पाहिजे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार संमती विशिष्ट हेतूपुरती व त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीची असावी लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावयाचा आहे. तंजावरमध्ये ती तमिळमध्ये, आणि तेथील मराठी कुटुंबांना हवी असल्यास मराठीतही मिळावी. दिलेली संमती तितक्याच सहजतेने मागे घेता यावी, असेही कायदा म्हणतो. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हा या तरतुदी अमलात येण्यासाठी 18 महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.