ताटात किती, अंगी किती?

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती चाले. वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम त्या खाचरांत वर्षानुवर्षे साचत गेले. भात घरातले सगळेच खात. पण हाडे ठिसूळ झाली ती मुख्यतः बायकांची, त्यातही पाळी गेलेल्या आणि बरीच बाळंतपणे झालेल्यांची. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडायची. तिथले डॉक्टर नोबोरु हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवले. अखेर १९६८ मध्ये 'इताई-इताई' हा प्रदूषणातून झालेला आजार असल्याचे सरकारने मान्य केले.

भात एकच, मग बायकाच का? एक उत्तर आतड्यात सापडते. पाळी-बाळंतपणांत होते तसे अंगात लोह कमी पडले, की अन्नातून ते ओढून घेणारी वाहक प्रथिने आतडे वाढवते, आणि या वाहकांतून कॅडमियमही आत शिरते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोहाचा साठा पुरेसा असलेल्यांनी पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी सरासरी २.३ टक्के शोषले. साठा कमी असलेल्यांनी ८.९ टक्के. मूत्रपिंडात मुरलेले कॅडमियम निम्मे व्हायलाही दहा ते तीस वर्षे लागतात.

पॉलिश केलेल्या तांदळात लोह आणि जस्त मुळात कमी. म्हणून भातावरच पोट भरणाऱ्याला कॅडमियम अधिक बाधते, असे अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी सांगत आले. इंग्लंडमधल्या शिपहॅम गावात जुन्या जस्ताच्या खाणींमुळे परसातल्या मातीतही कॅडमियम भरपूर होते. पण तिथे इताई-इताई उद्भवला नाही. त्या मातीतली भाजी हा तिथल्या जेवणाचा एक भाग होता, सगळे जेवण नव्हे.

शिशाचीही तीच तऱ्हा. ते उपाशीपोटी कितीतरी जास्त शोषले जाते. लोह-कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत आणखी.

मग शेतातच बंदोबस्त का करू नये? जपानने तो केला. भात निसवण्याच्या आगेमागे खाचरात पाणी तुंबवून ठेवले, की कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. पण त्याच तुंबलेल्या पाण्यात मातीतल्या लोहाला चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि दाण्यात चढते. पाणी काढले की उलटा प्रकार. या कात्रीतून सुटायला जपानी संशोधकांनी कोशिहिकारी भातावर आयनांचा मारा करून, मुळांतून कॅडमियम जवळजवळ उचलतच नाही असा वाण मिळवला. २०१२ मध्ये तो जगापुढे आला.

आर्सेनिकने पोळलेल्या बंगालात उत्तर चुलीवर आहे. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की तांदूळ निवळ पाणी येईपर्यंत धुऊन, सहापट पाण्यात शिजवून भात वेळला, तर ५७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघून जाते. शेफील्ड विद्यापीठाची २०२० मधली रीत वेगळी: आधणात तांदूळ वैरून पाच मिनिटे उकळायचे, ते पाणी ओतायचे, ताजे घालून मंद आचेवर आटवायचे. पांढऱ्या तांदळातले ७४ टक्के आर्सेनिक त्यात गेले.

अट एकच, पाणी स्वच्छ हवे. कूपनलिकेच्या पाण्यातच आर्सेनिक असेल तर भात ते पिऊन घेतो. वेळलेली पेज प्यायली तर गाळलेले पुन्हा पोटात. आणि आर्सेनिकचा प्रश्नच नसलेल्या गावात पेज ओतून देणे म्हणजे ब जीवनसत्त्वे मोरीत सोडणे. कोकणात असले शहाणपण कुणी उगाच आणू नये.

पॉलिश तांदळासाठी कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे. ती दाणा मोजते, खाणारीचे रक्त मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धान्य तपासणारे खाते वेगळे, हिमोग्लोबिन तपासणारे वेगळे. पण ज्या घरात मूठभर भाताबरोबर डाळ, पालेभाजी, अंडे किंवा मासळी परवडत नाही, तिथे मर्यादेतला दाणाही पुरता निर्धोक म्हणता येत नाही.