इन्सुलिनची मात्रा : संगणकाचा सल्ला आणि आपण

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले आणि टाइप-१ मधुमेह हा सांभाळता येण्याजोगा आजार ठरला. तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाच्या घरी दिवसातून अनेकदा एकच प्रश्न उभा राहतो : आता मात्रा किती द्यावी?

वरवर पाहता हे साधे गणित आहे. समजा, एखाद्या मुलास १५ ग्रॅम कर्बोदकांसाठी १ युनिट इन्सुलिन लागते आणि १ युनिटने त्याची साखर ५० ने उतरते. जेवणापूर्वी साखर २२०, उद्दिष्ट १२०, ताटात ४५ ग्रॅम कर्बोदके. म्हणजे जेवणासाठी ३ युनिट व चढलेल्या साखरेसाठी २. आधीच्या इंजेक्शनचे १ युनिट शरीरात अद्याप कार्यरत असेल, तर ते वजा जाता ४. परंतु १५ आणि ५० हे आकडे कायमचे नसतात. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढते, खेळाच्या दिवशी घटते. ते वेळोवेळी सुधारणे हे तज्ज्ञाचे काम. आपल्या माळव्यातील खेड्यातून त्यासाठी इंदूरला यावयाचे, तर पालकांची दिवसाची मजुरी बुडते.

हे काम संगणकास जमेल काय, याचे एक उत्तर २०२० साली ‘नेचर मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका, युरोप व इस्राएल येथील १० ते २१ वर्षे वयाच्या, इन्सुलिन पंप वापरणाऱ्या १०८ रुग्णांवर सहा महिने हा अभ्यास चालला. एका गटाच्या मात्रा अनुभवी डॉक्टर सुधारीत, तर दुसऱ्या गटास सेन्सर व पंपाच्या नोंदी तपासून संगणकप्रणाली सल्ला देई. साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहण्याचा काळ डॉक्टरांच्या गटात ५१.६ टक्के, तर संगणकाच्या गटात ५०.२ टक्के भरला. संगणक तज्ज्ञांच्या तुलनेत उणा पडला नाही.

या निष्कर्षाने कोणा डॉक्टरने धास्तावू नये, असे मला वाटते. तज्ज्ञ जेथे पोहोचत नाही, तेथे त्याचा सल्ला पोहोचत असेल, तर तो स्वागतार्हच आहे. मात्र त्याच आकड्यांत दुसरा बोधही आहे. आज मान्य असलेले उद्दिष्ट ७० टक्क्यांहून अधिक आहे आणि दोन्ही गट निम्म्यावरच थांबले. मात्रेचा सल्ला मिळणे आणि ती मात्रा वेळेवर घेतली जाणे यांच्यामध्ये मुलाचे सारे आयुष्य असते. शाळेत चारचौघांत टोचून घेण्याचा संकोच, परीक्षेचा ताण, पोह्यांसोबत नकळत खाल्लेली जिलेबी यांची नोंद कोणत्याही यंत्रात आपोआप होत नाही. त्यासाठी मुलाशी बोलावे लागते.

सेन्सरच्या संदेशानुसार पंप स्वतःच इन्सुलिन कमी-अधिक करतो, अशी यंत्रणाही आता उपलब्ध आहे. २०१९ च्या अमेरिकेतील एका चाचणीत १६८ रुग्णांपैकी ही यंत्रणा वापरणाऱ्यांचा तोच काळ ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेला. तिलाही जेवणाची आगाऊ सूचना द्यावी लागतेच, आणि तिचा खर्च आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की यंत्र येईल तेव्हा येवो, नोंदवही आजच सुरू करावी. साखर, मात्रा, जेवण, खेळ व आजारपण वेळेसह लिहावे. सल्ला डॉक्टरांचा असो वा संगणकाचा, तो या नोंदींवरच उभा राहतो. आणि सहकारी डॉक्टरांना विनंती अशी, की आपल्या शिबिरांत अशा मुलांसाठी रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्यांची तरतूद अवश्य करावी. पट्टी नसेल तर नोंद नाही, आणि नोंदीविना कोणाचाही सल्ला अंदाजच ठरतो.