पीएच.डी. करता का हिंडता?

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर संध्याकाळी पीएच.डी.ची दोन पोरं शेंगा सोलत बसली की ओळखीचे कोणी तरी काका थांबतातच. "काय भो, पीएच.डी. करता का हिंडता?" संशोधन करत होतो तेव्हा हा प्रश्न मी ऐकला, आता माझ्यामागून आलेली पोरं ऐकतात. काकांचा राग येत नाही. राग येतो तो पोरांचा, कारण हिंडणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे त्यांनाही पटलेलं असतं. त्यांच्यातल्या एखाद्याला मित्र चहाला हाक मारतो, तो म्हणतो, "नको, चॅप्टर आहे." मग रात्री अकरापर्यंत चॅप्टरसमोर बसतो आणि एकच परिच्छेद पाचव्यांदा वाचतो.

जितके तास खुर्चीत, तितका प्रबंध पुढे: हा तो गैरसमज. तो कारखान्यातसुद्धा टिकत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळा बनवणाऱ्या कामगारांच्या, त्यात बहुतेक बायकाच, तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी 2014 मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला पन्नासेक तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचं फळ घटत गेलेलं दिसलं. 70 तास राबून निघालेला माल 56 तासांच्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता.

प्रबंध म्हणजे तोफगोळा नव्हे, हे कबूल. पण डोक्याच्या कामात ही गोष्ट उलट जास्तच लागू पडते. अडलेला प्रश्न बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा हाती घेतला तर तो सुटण्याची शक्यता वाढते का, यावरचे 117 अभ्यास सिओ आणि ऑरमेरॉड यांनी 2009 मध्ये एकत्र पाहिले. उत्तर होकारार्थी आलं. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र हिंडणाऱ्यांनी नीट वाचावी: आधी त्या प्रश्नावर जितका जास्त वेळ घालवलेला, तितका विश्रांतीचा फायदा मोठा. म्हणजे दिवसभर मोबाइल बघून संध्याकाळी "डोकं मोकळं करायला" निघणाऱ्याच्या बाबतीत काकांचं म्हणणं बरोबर आहे. मुळात भरलंच नाही, ते मोकळं काय करणार?

माझा प्रबंध इतिहासाचा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दिवसभर कागद चाळायचे आणि संध्याकाळी पांझरेच्या काठाने चालायचं, असे माझे कित्येक शनिवार गेले. सोबतीला धुळ्याचाच मित्र, तो रसायनशास्त्राचा. एका पत्रावर मी तीन आठवडे अडलो होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या माणसाला पत्र लिहायची गरजच काय पडली?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पुढचं प्रकरण त्यातून निघालं. एका अनुभवाने काही सिद्ध होत नाही, म्हणून तर वर 117 अभ्यास सांगितले.

"ताण काय, सगळ्यांनाच असतो" हेही नेहमीचं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात 3,659 पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ प्रत्येक तिसऱ्याला मानसिक आजाराचा धोका दिसला, आणि तितक्याच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. कामाचा बोजा, घर आणि काम यांची ओढाताण, मार्गदर्शकाची वागण्याची पद्धत यांचा त्याच्याशी संबंध आढळला. 2018 च्या एका पाहणीतला "सहापट नैराश्य" हा आकडा मात्र जपून वापरा. तिथे लोकांनी आपणहून उत्तरं दिली होती, आणि ज्याला त्रास आहे तोच असा फॉर्म आधी भरतो.

आता किरकोळ गैरसमज. "एकदाची डिग्री होऊ दे, मग भेटू": यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला किमान 3 वर्षं आणि सर्वसाधारणपणे कमाल 6 वर्षं दिली आहेत. इतका काळ दोस्ती कुठल्या बरणीत घालून ठेवणार? "मित्र आपल्याच विषयाचा हवा": उलट नसलेला बरा, गाइडच्या तक्रारी तरी कमी होतात. "बाहेर पडायचं म्हणजे खर्च": तलावाकाठी बसायला पैसे पडत नाहीत, आणि थंडीत कोणाच्या तरी मळ्यात काट्यांवर वांगी भाजून भरीत होतंच, आपण फक्त कांद्याची पात न्यायची. "रात्री नऊच्या चहाने काही होत नाही": 2013 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफिननेही तासाभराहून जास्त झोप गेली. मात्रा मोठी होती, चारेक कप कॉफीइतकी. पण आपल्या टपरीवर दोन कटिंगवर थांबतो कोण?

शेवटचा गैरसमज माझ्यासारख्या हिंडणाऱ्यांचा: चांगला मित्र असला की डॉक्टर लागत नाही. लागतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नको वाटतं, जगणंच नको असं कोणी बोलून दाखवतो, तेव्हा पांझरेची फेरी पुरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मित्राने फोन लावून द्यावा आणि शेजारी बसावं.