मालवण-तारकर्ली : पर्यटन बंद म्हणजे काय बंद?

- हंगाम : ऑक्टोबर ते मे. दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुट्टीत सर्वाधिक गर्दी.
- बिगरहंगाम : जून ते सप्टेंबर, नैऋत्य मोसमी पावसाचे चार महिने.
- काय बंद : स्कूबा, पॅरासेलिंग आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची (पायाभरणी 1664) होडी वाहतूक. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळांनी किंवा ताडपत्रीने झाकतात.
- काय सुरू : एसटी आणि कोकण रेल्वे. रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे. गाड्यांचा वेग कमी.
- मासेमारी बंदी : पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. दोन्हीकडे 61 दिवस. बिगरयांत्रिक होड्यांना सूट.
- ताटात : ताज्या समुद्री माशांची आवक कमी, सुके बांगडे, सुकट, गोड्या पाण्यातले मासे.
- नारळी पौर्णिमा : श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण. मच्छीमारांच्या नव्या हंगामाचा पारंपरिक आरंभ.
- अपवाद : गणेशोत्सव. पर्यटक कमी, पण चाकरमान्यांमुळे गाड्या भरलेल्या.
- लक्षात ठेवा : पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. किल्ल्याची फेरी सुरू झाली का, हे निघण्यापूर्वी विचारा.