पिवळ्या, जाड नखामागचं कारण

कोकणात भातलावणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि तिथली बुरशी हळूच नखाखाली शिरते. पायाच्या नखांत बहुतेकदा सापडते ती ‘ट्रायकोफायटन रुब्रम’. हाताच्या नखांना मात्र सतत पाण्यात काम करणाऱ्यांमध्ये ‘कँडिडा’ ही बुरशीही गाठते.

सुरुवात सहसा अंगठ्याच्या नखाच्या टोकाशी किंवा कडेला होते: पांढरट-पिवळा डाग, मग जाडी, खाली साचलेला भुसा, ठिसूळ कडा. पण खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते! सोरायसिस किंवा घट्ट बुटांचा मारही अगदी असाच दिसतो. म्हणून नखाचा कीस तपासून घेणं फार मोलाचं.

हळद, व्हिनेगर, लसूण हे घरोघरी चालतं. नखाच्या जाड थरापलीकडे ते फारसं पोचत नाही. टी ट्री तेलाला थोडा आधार आहे. 1994च्या एका अभ्यासात ते क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या जवळपास ठरलं, मात्र पूर्ण बरे झालेले दोन्हीकडे थोडेच होते.

घरी खरा उपयोग होतो तो पाय कोरडे ठेवण्याचा, मोजे रोज बदलण्याचा, नेलकटर वेगळं ठेवण्याचा आणि चिखल्यांवर वेळीच मलम लावण्याचा.

डॉक्टर टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्या देतात, पायाच्या नखासाठी सहसा 12 आठवडे. यकृताची तपासणी करून. नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे अंगठा स्वच्छ दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधुमेह असेल किंवा नखावर नवा काळा पट्टा दिसला, तर घरगुती प्रयोग न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.